कापसाचे बोळे आणि वॉटर पंप

२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. पाया पडलो असं समजा, प्रत्यक्ष पडायला महिनाअखेरीस येतोच आहे.

गाडीला काहीतरी झालंय. फोन करणार होतो, पण तुमच्या गॅरेजचा नियम आठवला. गिऱ्हाइकाने आधी स्वतःच्या हाताने तक्रार लिहायची, मगच बॉनेट उघडायचं. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली, तरी फोनवर यंत्राचं नाव काढलं की तुम्ही "लिहून पाठव" म्हणून ठेवून देता. तेव्हा लिहितो.

गाडी: तुमचीच. माझ्या लग्नात दिलीत तेव्हा बारा वर्षांची होती, आता बावीस वर्षांची आहे. तक्रार: पाणी पिते. माझ्या दातांच्या दवाखान्यापर्यंत जाऊन येण्यात काही कळत नाही, पण जरा लांब गेलं की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो आणि बॉनेटखालची प्लॅस्टिकची टाकी कोरडी सापडते. दोन आठवड्यांत चार वेळा भरली. गळतंय म्हणावं तर खाली कुठे थेंब दिसत नाही. दाताला बारीक चीर गेली की असंच होतं. दुखतं सगळीकडे आणि दिसत कुठेच नाही. इथल्या मेकॅनिककडे नेली असती, पण या गाडीला दुसऱ्याचा पाना लागला तर माझी खैर नाही हे तुम्ही लग्नाच्या मांडवातच सांगितलं होतं.

घाईचं कारण आई. तुम्ही गेल्या महिन्यात जिन्यावरून पडलात हे तिला तुमच्या शेजारच्या शिंप्याकडून कळलं. तेव्हापासून ती उठता बसता एकच वाक्य बोलते, "दादाला इकडे आणायचं." पाहुणा म्हणून नव्हे, कायमचं. तिने तीस तारीख धरली आहे आणि मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. तुमचं सामान बसने येणार नाही, म्हणजे गाडीच न्यायला हवी, आणि मधला डोंगर चढायचा तर गाडी धड हवी. तिसाच्या आत गाडी बरी करा.

तुमचा
भाचा

६ नोव्हेंबर

डॉक्टर,

आशीर्वाद. पुरवून वापर.

पहिली गोष्ट, मी पडलो नाही. शेवटच्या पाच पायऱ्या एकदम उतरलो. शिंप्याने माझ्या पायांकडे बघण्यापेक्षा स्वतःच्या कात्रीकडे बघावं.

दुसरी गोष्ट, "पाणी पिते" ही तक्रार नव्हे, हा आरोप आहे. गाडी पाणी पीत नाही, सांडते. कुठे सांडते ते तुला दिसत नाही, कारण तू नुसतं नळाचं पाणी भरतोस आणि ते वाळून जातं. इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट आण, निम्मं ते आणि निम्मं शुद्ध पाणी असं भर. हिरव्याचा डाग लपत नाही. पातळी असेल तिथे टाकीवर चिकटपट्टी लाव. मग गाडीखाली मोठा पुठ्ठा पसर आणि रोज सकाळी डाग कुठे पडला त्याभोवती पेन्सिलने गोल काढ. चार दिवस. दोन दिवसांत कंटाळून मला पत्र लिहायला बसू नकोस. कूलंटला गोडसर वास येतो. वास घे, चाखू नकोस, विष असतं ते. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उघडलंस तर तुझ्या पेशंटना दुसरा डॉक्टर शोधावा लागेल.

तिसरी गोष्ट. लोखंडाला घाई कळत नाही. गाडी पूर्ण बरी झाल्याशिवाय तिने तो डोंगर चढायचा नाही, हे मी लेखी देतो. तिसाला नाही जमलं तर डिसेंबर आहे, जानेवारी आहे. तुझ्या आईला म्हणावं, गाडीच्या बाबतीत शब्द माझा चालतो.

मामा

१२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. पुठ्ठ्याचा निकाल कळवतो. चारही दिवस डाग एकाच ठिकाणी, पुढच्या उजव्या चाकाच्या जरा आत. पहिल्या दिवशी बशीएवढा, चौथ्या दिवशी ताटाएवढा. हिरवागार.

मग मला राहवलं नाही. पेशंटच्या तोंडात लाळ कुठून येते हे समजायला आम्ही गालात कापसाचे बोळे ठेवतो. मी म्हटलं, तोंड ते तोंड. इंजिन गार असताना, बंद असताना, त्या बाजूच्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी एकेक बोळा ठेवला. एकूण चौदा, प्रत्येकाला टाके घालायच्या दोऱ्याने बांधलं आणि नंबर दिला. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी बघतो तर तेरा बोळे पांढरे आणि अकरा नंबरचा हिरवा चिंब. तो पुढे पट्टा फिरतो तिथल्या एका गोल, लोखंडी, ओबडधोबड वस्तूखाली होता. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिची प्रकृती ठीक नाही.

बोळे काढताना माझ्या तोंडून सवयीने "आता चूळ भरा" असं गेलं. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी ऐकलं. त्यांची शुक्रवारची वेळ होती, ती त्यांनी रद्द केली आहे.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. डिसेंबर-जानेवारीच्या वाक्याला तिने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग "असं म्हणाला का दादा," एवढंच बोलली आणि खोलीला रंग द्यायला माणूस बोलावून आली.

तुमचा
भाचा

१४ नोव्हेंबर

डॉक्टर,

आशीर्वाद.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, पण इंजिनाच्या तोंडात कापूस कोंबणारा माणूस पाहिला नव्हता. वाचताना हसलो, आणि नंतर बराच वेळ विचार करत बसलो की हे आपल्याला का सुचलं नाही. बोळे सगळे निघाले ना? चौदा मोजलेस का? पट्ट्यात एक जरी अडकला तरी नवं दुखणं व्हायचं.

आता ऐक. आधी त्या बाजूच्या सगळ्या रबरी पाइपांच्या क्लिपा हाताने हलवून बघ. सैल असतील त्या आवळ. मग पाइप दाबून बघ, भेगाळलेत का. याला तीन दिवस लाव. त्यानंतर, तुझी ती ओबडधोबड वस्तू म्हणजे वॉटर पंप. इंजिनात पाणी फिरवतो तो. त्याच्या पोटाखाली एक अगदी बारीक भोक असतं. ते शोध. तिथे ओल आहे का बघ. त्याचं पुढे काय, ते मी पुढच्या पत्रात लिहीन.

खोलीला रंग कुठला दिलात? उगाच विचारतो. इथे काल एक जण स्कूटर ढकलत आला. शटर बंद आहे, मी म्हातारा आहे, हे त्याला दिसत होतं, तरी शटर वाजवून "उस्ताद" म्हणून हाक मारली. प्लग साफ करून दिला, गेला. रोज एक तरी येतोच. तुमच्याकडे आलो की मी मागच्या खोलीतला मामा होईन. चहा वेळेवर मिळेल, पण मला कोणी काही विचारणार नाही. तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस.

मामा

१८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार, आणि पेढे मागवा.

गाडी बरी झाली.

क्लिपा, पाइप, सगळं तुम्ही सांगितलं तसं पाहिलं, फक्त तीन दिवसांचं काम एका दुपारी उरकलं. ठणठणीत. मग पंपाकडे वळलो. खाली वाकून दिसेना, म्हणून दवाखान्यातला दात बघायचा छोटा आरसा नेला. लांब दांडीचा, वाकवलेला, जणू याच कामासाठी केलेला. तो पंपाखाली सरकवला, टॉर्च मारली आणि दिसलं. भोक. वाटाण्याहून लहान, कडेने हिरवं, आणि मी बघत असतानाच त्यातून एक थेंब बाहेर आला.

मामा, वीस वर्षं मी हेच काम करतोय. तुमच्या पुढच्या पत्राची वाट कशाला बघायची? ते भोक सुईने साफ केलं, स्पिरिटने पुसलं, हवा मारून कोरडं केलं, आणि आमचं सगळ्यात भारी सिमेंट थरावर थर देऊन भरलं. प्रत्येक थर घट्ट व्हायला त्यावर निळा दिवा धरला. शेवटी पॉलिश केलं. हिने बघितलं आणि म्हणाली, माझी दाढ तरी इतक्या मन लावून भरली होती का.

दोन दिवस झाले, पुठ्ठा कोरडा आहे. एक थेंब नाही. इंजिन सुरू केल्यावर पुढून पारवा घुमावा तसा बारीक आवाज येतो. काल जरा मोठा झाला, पण तो छानच वाटतो, गाडी समाधानी असल्यासारखा. तेव्हा तिसाला पहाटे निघतो, आई पुढच्या सीटवर. खोलीला रंग फिकट पिवळा. तुम्ही जे वाचून दाखवू नको म्हणालात ते मी दाखवलं नाही, पण पत्र टेबलावर राहिलं होतं.

तुमचा
भाचा

२१ नोव्हेंबर

गाढवा,

आशीर्वाद राहू दे. गाडी सुरू करू नकोस. हे वाक्य पुन्हा वाच आणि किल्ली आईकडे दे.

नियम मोडून मी मघाशी फोन केला. दवाखान्यातल्या नव्या बाई म्हणाल्या, डॉक्टर दाढ काढताहेत, आणि मला मंगळवारी साडेपाचची वेळ दिली. घरी केला तर तुझ्या आईने उचलला, म्हणून मी न बोलता ठेवून दिला. त्यामुळे हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याची बस मी बारा वर्षं सांभाळली, तो घरपोच आणून देईल.

ते भोक कीड लागून पडलेलं नाही. ते कारखान्यातच पाडलेलं असतं. पंपाच्या आत एक सील असतं, पाणी एकीकडे आणि पंपाचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग दुसरीकडे ठेवतं. सील झिजलं की पाणी झिरपतं. ते बेअरिंगमध्ये शिरू नये आणि मालकाला कळावं, म्हणून त्याला बाहेर पडायला ही वाट ठेवलेली असते. गाडी तुला ओरडून सांगत होती आणि तू तिच्या तोंडात बोळा कोंबलास. आता ते पाणी आत साठून बेअरिंग खातंय. तुझा तो समाधानी पारवा म्हणजे बेअरिंग रडतंय. ते डोंगरावर अडकलं असतं, पट्टा तुटला असता, इंजिन भट्टीसारखं तापलं असतं, आणि पुढच्या सीटवर माझी बहीण बसलेली.

काल तुझं पत्र वाचल्यापासून मला जेवण गेलं नाही. तुझी चूक आहेच, पण अर्धी माझी आहे, आणि ती मला लिहिलीच पाहिजे. तुझ्या पुठ्ठ्यावरचा डाग उजव्या चाकाच्या आत पडतो हे वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की पंप गेलाय. त्या जातीच्या गाडीचा पंपच जातो. एका ओळीत सांगता आलं असतं, पंप बदल. मी खोटं काही लिहिलं नाही. यंत्राबद्दल मी आजवर खोटं बोललो नाही. पण मी मुद्दाम हळू लिहिलं. क्लिपा हलव, तीन दिवस लाव, पुढचं पुढच्या पत्रात. गाडी बरी झाली की तू मला न्यायला येणार आणि मला यायचं नव्हतं. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला असं टांगून ठेवलं नाही, ते भाच्याला ठेवलं. मला स्वतःची लाज वाटते.

नवा पंप आणि नवा पट्टा आज आणले. उद्या सकाळच्या बसने येतोय, पाने घेऊन. मी येईपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही. कुठलंही भोक दिसलं तरी भरायचं नाही.

मामा

२९ नोव्हेंबर

डॉक्टर,

आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

मी सुखरूप पोचलो. काल सकाळी "जरा ट्रायल घेऊन येतो" म्हणून निघालो, त्याला आता चोवीस तास होऊन गेले. तेव्हा ट्रायलचा निकाल कळवणं माझं काम आहे.

पंप बदलल्यावर एकदा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं की झालं, असं मानणारे लोक असतात. मी तसा नाही. कोपऱ्यापर्यंत ठीक होती. मग म्हटलं, मोठ्या रस्त्यावर बघू. तिथेही ठीक. मग म्हटलं, चढावर कशी वागते ते बघितल्याशिवाय माझ्या भाच्याच्या हाती द्यायची नाही. डोंगर चढलो. काटा मधोमध, जागचा हलला नाही. वर थांबून गार होऊ दिली, टाकी बघितली, पातळी चिकटपट्टीच्या रेषेला रेष. आता वर गेलोच आहे तर उतारावर बघायला नको का? उतरलो. उतरल्यावर समोर माझंच शटर.

म्हणजे गाडी आता इथे आहे. तू आणि आई बसने या, चार दिवस राहा, आणि गाडी घेऊन जा. सामान न्यायचं नाही. मला न्यायचं नाही. सहा दिवस तुमच्याकडे राहिलो, फिकट पिवळा रंग मला आवडला, सूनबाईने हवं नको ते सगळं बघितलं. माझी दाढ तू पैशाचा शब्द न काढता भरलीस, ती न दुखता चावते आहे. तुमची काही चूक नाही. पण परवा मी तुमच्या गॅलरीत बसलो होतो, खाली एकाची मोटर सुरू होत नव्हती, तो घामाघूम झाला होता, आणि मी कोण ते त्याला माहीत नसल्यामुळे त्याने वर बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं.

जुना पंप मी सोबत आणला. तुझं भरलेलं काढायला छिन्नी मारून बघितली. छिन्नीची धार गेली. पंप फुटेल पण ते निघणार नाही. फळीवर ठेवला आहे, येईल त्याला दाखवतो. काल तिघं बघून गेले, एकाने तुझा पत्ता लिहून घेतला.

आईला कसं सांगायचं ते तू बघ. मला धीर होत नाही.

मामा

१ डिसेंबर

दादा,

मला कोणी काही सांगायची गरज नाही. तू निघालास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. ट्रायलला निघालेला माणूस उशी बगलेत मारून जात नाही. औषधांची पिशवी घेत नाही. माझ्या पोराला मागच्या टायरची हवा बघायला पाठवून तेवढ्यात बॅग सीटखाली सरकवत नाही. डबा मीच ठेवला होता मागच्या सीटवर. खाल्लास की नाही ते लिहिलं नाहीस. डबा घासून ठेव, झाकण हरवू नकोस.

तुझ्या सगळ्या पत्रांपैकी जे वाचायचं नव्हतं ते मी पहिल्यांदा वाचलं. राग आला होता. माझं घर म्हणजे मागची खोली काय, असं वाटलं. आल्यावर तुला चांगलं सुनावायचं ठरवलं होतं. मग तू आलास, आणि दोन दिवस त्या पंपाखाली आडवा पडलेला बघितला. कोपराला खरचटलेलं, तोंडाला काळं, आणि पोराला सांगत होतास, पाना असा धर, तसा नको. दादा, गेल्या पाच वर्षांत तुला इतकं खूश बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काम संपलं आणि तू गॅलरीत जाऊन बसलास तो उठेनास. तेव्हाच मला कळलं की हा पळणार. म्हणून तर तू निघालास त्याच्या आदल्या संध्याकाळीच डब्याची तयारी करून ठेवली होती.

आता माझंही खरं ऐक, कारण तू तुझं लिहिलंस. तुझ्या पायाची काळजी होतीच, नाही असं नाही. पण सगळ्यांना मी तेवढंच सांगितलं आणि बाकीचं सांगितलं नाही. हे दोघं सकाळी दवाखान्यात जातात ते संध्याकाळी येतात. दोघं चांगले आहेत, माझ्याशी कधी वाकडं बोलत नाहीत, तीच तर पंचाईत आहे. दिवसभर घरात मला "गप्प बस गं" म्हणणारं कोणी नाही. तू सहा दिवस होतास, त्यातले पाच दिवस आपण भांडलो, आणि मला रात्री गोळी न घेता झोप लागली.

आम्ही गुरुवारी सकाळच्या बसने निघतोय. पोरगा रविवारी गाडी घेऊन परत येईल. एकटाच. मी तिथे राहीन. किती दिवस ते ठरवलेलं नाही, तू विचारू नकोस. शटरपाशी एक खुर्ची टाक. लोक येतील तेव्हा मी मध्ये बोलणार नाही, पण काय बिघडलंय ते मला कळायला हवं, म्हणून मोठ्याने बोलायचं.

वरच्या खोलीत पलंगाखाली तू सायलेन्सर ठेवतोस हे शिंप्याने सांगितलंय. गुरुवारच्या आत हलव.

तुझी
बहीण